रिबन नाजूक आहे म्हणे!



आज जरा भांडणाच्या सुरात लिहिणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. विषय माझ्या वयाला न शोभणारा आहे. ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटार यांचं ध्वनिमुद्रण करताना समोर कोणता मायक्रोफोन ठेवावा? माझं उत्तर सरळ आहे: रिबन मायक्रोफोन ठेवावा. "तो फार नाजूक असतो, जुनाट असतो, त्याचा आवाज मंद असतो, एवढ्या मोठ्या आवाजाच्या वाद्यांपुढे त्याचं काय काम" असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते थोडंथोडकं नाही, बरोब्बर उलटं आहे.

तुम्ही म्हणाल, मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या आणि उभा जन्म मुलांना संधी-समास शिकवण्यात घालवलेल्या बाईला ही उठाठेव कशाला? कारण घरातलंच आहे. माझ्या भाचीचा मुलगा ड्रम्स वाजवतो, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. तो आणि त्याचे तीन मित्र आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत तालीम करतात. नोकऱ्या सांभाळून त्यांनी वर्षभरात आठ गाणी बसवली, पैसे साठवले, आणि आता ती गाणी मुद्रित करायची आहेत. त्यासाठी दोन चांगले मायक्रोफोन विकत घ्यायचं ठरलं. एका ठिकाणी सल्ला विचारायला गेले, तर वरची सगळी वाक्यं त्यांना ऐकवण्यात आली आणि दोन चकचकीत कंडेन्सर मायक्रोफोन गळ्यात मारायची तयारी झाली. पैसे अजून दिलेले नाहीत. म्हणून हा लेख आजच लिहिते आहे, पुढच्या आठवड्यात लिहून काही उपयोग नाही.

मुलांचे ड्रम्स खोलीत कसे वाजतात ते मी रोज ऐकते. उसन्या आणलेल्या कंडेन्सरवर त्यांनी जी चाचणी-मुद्रणं केली, तीही ऐकली. खोलीत जो ड्रम पोटात दुमदुमतो, तो मुद्रणात पातेल्यावर उलथनं आपटल्यासारखा ऐकू येतो, आणि सिंबल, म्हणजे त्या मोठ्या पितळी थाळ्या, सगळ्यांच्या डोक्यावर बसतात. मुलं म्हणतात, "आजी, हे क्लिअर आहे." याला क्लिअर म्हणायचं की कर्कश, हाच वाद आहे.

रिबन म्हणजे काय?

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून द्यावा. एका ताकदवान चुंबकाच्या दोन टोकांच्या मधल्या फटीत ॲल्युमिनियमची एक अतिशय पातळ पट्टी सैल टांगलेली असते. पातळ म्हणजे किती? साधारण दोन-अडीच मायक्रॉन. आपण पोळ्या गुंडाळतो तो फॉइलचा कागद याच्यापुढे जाजम वाटेल. पट्टीला साडीच्या निऱ्यांसारख्या बारीक चुण्या घातलेल्या असतात. आवाजाने हवा हलली की पट्टी हलते, चुंबकाच्या क्षेत्रात हलल्यामुळे तिच्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते, आणि ती एका ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर येते. बस्स. साध्या रिबनमध्ये याहून जास्त काही नसतंच.

ही कल्पना जर्मनीत सीमेन्स कंपनीतल्या शॉटकी आणि गेरलाख यांची, १९२०च्या दशकातली. पुढच्या दशकात अमेरिकेत हॅरी ओल्सन यांनी आरसीए कंपनीसाठी ती घडवली आणि त्यातून ४४ या नावाची मालिका आली. जुन्या इंग्रजी सिनेमांत रेडिओ निवेदकापुढे तो भला थोरला, षट्कोनी कॅप्सूलसारखा मायक्रोफोन दिसतो ना, तोच. वजन जवळजवळ चार किलो! इंग्लंडात बीबीसीच्या संशोधन विभागाने १९५०च्या दशकात स्वतःचा एक रिबन तयार केला. तो ४०३८ या क्रमांकाने ओळखला जातो आणि कोल्स कंपनी आजही तो बनवते.

आता एकेक आक्षेप घेऊ.

आक्षेप पहिला: फाटेल

"ड्रमच्या दणक्याने पट्टी फाटेल." हे वाक्य ऐकलं की मला इतिहासाचा तास घ्यावासा वाटतो. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेतले जाझचे मोठमोठे ताफे कोणत्या मायक्रोफोनपुढे वाजत होते? रिबनपुढे. त्यांत ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनच्या रांगाच्या रांगा असत. ट्रंपेटच्या तोंडासमोर उभं राहून पाहा, म्हणजे कळेल की मोठा आवाज ही काही रॉक संगीताने लावलेली शोधपट्टी नाही.

बरं, रॉकचंच घ्यायचं तर तेही घेऊ. बीटल्सच्या सुरुवातीच्या वर्षांत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रिंगो स्टारच्या ड्रम्सवर वरून जो मायक्रोफोन टांगलेला असे, तो हाच बीबीसीचा ४०३८. बीबीसीच्या मंडळींनी तो प्रसारणासाठी बनवला होता, त्यांच्या स्वप्नातही रिंगो नसेल. १९७१ साली आलेल्या लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', त्याचे ड्रम्स तर जगभर नावाजलेले. इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाचं एक जुनं घर आहे. त्याच्या जिन्याखालच्या दालनात जॉन बॉनमला बसवलं आणि रेकॉर्डिस्ट अँडी जॉन्स यांनी वर जिन्यात दोन मायक्रोफोन टांगले. ते होते बायर कंपनीचे एम १६०, म्हणजे दोन पट्ट्यांचे रिबन. बॉनमइतक्या जोरात ड्रम बडवणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पट्ट्या फाटल्या नाहीत. उलट तो आवाज अनेक वर्षं लोक उचलून आपापल्या गाण्यांत वापरत आहेत. जिमी हेंड्रिक्सच्या गिटारसाठी एडी क्रेमर यांनीही एम १६० वापरला होता.

मग "नाजूक" ही अफवा आली कुठून? अफवेत एक तथ्य आहे, ते लपवणार नाही. रिबनला आवाजाचं भय नाही, वाऱ्याचं आहे. पट्टी ताणली जाते ती झोताने. बास ड्रमच्या कातड्याला जे भोक असतं, तिथून प्रत्येक ठोक्याला हवेचा झोत बाहेर येतो. तिथे रिबन ठेवू नये. तोंडाजवळ धरून 'प', 'फ' म्हणू नये. आणि आपल्याकडे माइक सुरू आहे की नाही हे फुंकर मारून बघायची जी थोर परंपरा आहे, ती तर अजिबात पाळू नये :-)

आवाज आणि वारा यांत फरक आहे, हे आठवीच्या मुलाला समजतं. सल्ला देणाऱ्याने तो फरक सांगायला हवा होता. "नाजूक आहे" म्हणून विषय संपवणं म्हणजे उत्तर येत नसलं की "परीक्षेला येणार नाही" म्हणणाऱ्या शिक्षकासारखं झालं.

शिवाय १९९८ साली अमेरिकेत रॉयर कंपनीने आर-१२१ हा रिबन आणला, तो बनवतानाच मोठ्या आवाजाच्या गिटार अँप्लिफायरचा विचार केला होता. १३५ डेसिबलपर्यंतचा आवाज तो सोसतो, असं त्याच्या माहितीपत्रकातच आहे. म्हणजे "नाजूक" हे विशेषण निदान पाव शतक तरी शिळं झालेलं आहे.

आक्षेप दुसरा: आवाज क्षीण येतो

येतो. पट्टी जी वीज निर्माण करते ती फारच थोडी असते आणि ती वाढवायला चांगला प्रीॲम्प लागतो. समोर कोणी हळू आवाजात कविता वाचत असेल, तर प्रीॲम्प इतका वाढवावा लागतो की त्याची स्वतःची खसखस ऐकू येऊ लागते.

पण मंडळी, इथे समोर कोण आहे? ड्रम्स! अँप्लिफायरमधून किंचाळणारी गिटार! या वाद्यांना वाढवायला लागतंच किती? रिबनचा जो खरा, मोठा दोष आहे तो नेमका या वाद्यांपुढे नाहीसा होतो. कंडेन्सरच्या पोटात स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, फार मोठ्या आवाजाने ते फाटू शकतं. म्हणून तर त्यावर आवाज आधीच खाली खेचणारं बटण ठेवावं लागतं. साध्या रिबनच्या पोटात असं सर्किटच नाही.

तेव्हा हिशोब मांडा. हळू वाद्यासाठी रिबन अवघड, मोठ्या आवाजाच्या वाद्यासाठी सोपा. आणि सल्ला काय मिळतो? नेमका याच्या उलट.

आक्षेप तिसरा: मंद, मेलेला आवाज

हा आक्षेप मुलांना सगळ्यात जास्त पटतो, म्हणून जरा सविस्तर.

बऱ्याच कंडेन्सर मायक्रोफोनांना वरच्या सुरांच्या भागात, आठ ते बारा हजार हर्ट्झच्या आसपास, एक उंचवटा असतो. म्हणजे त्या भागातला आवाज मुळात होता त्यापेक्षा थोडा चढा येतो. रिबनमध्ये असा उंचवटा सहसा नसतो. पट्टी सैल टांगलेली असल्यामुळे तिचा स्वतःचा सूर अगदी खर्जात असतो, वरच्या भागात ती पदरचं काही घालत नाही. वर जाताना तिचा आवाज हळूहळू उतरत जातो.

मी मराठीची शिक्षिका, म्हणून माझ्या भाषेत सांगते. ड्रमसेटमध्ये सिंबल म्हणजे ऊष्म वर्ण: श, ष, स. पोटातून येणारे टॉम आणि बास ड्रम हे स्वर. स्नेअरमध्ये दोन्ही. आता कल्पना करा की वर्गात एक मुलगा उभा राहून धडा वाचतो आहे आणि त्याचा प्रत्येक 'स' शिट्टीसारखा वाजतो आहे. शब्द स्पष्ट होतात का? पहिल्या ओळीला वाटतं, वा, काय खणखणीत. दुसऱ्या पानावर मुलं कानात बोटं घालतात. सिंबल मुळातच सगळे वरच्या सुरांचे. त्यांच्यावर वरचे सूर चढवणारा मायक्रोफोन टांगणं म्हणजे त्या मुलाच्या हातात शिट्टी देणं.

गिटारची गोष्ट तर आणखी सोपी. इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरमध्ये साधारण बारा इंची स्पीकर असतो, वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा स्पीकर नसतो. पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर तो स्पीकर जवळजवळ हात टेकतो, आणि त्याच्या खाली, दोन ते चार हजारांच्या दरम्यान, त्याचा स्वतःचाच एक कर्कश उंचवटा असतो. म्हणजे "रिबन वरचे सूर घेत नाही" ही तक्रार अशा वाद्याबद्दल चालली आहे, ज्यातून ते सूर निघतच नाहीत! विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? स्पीकरच्या उंचवट्यावर मायक्रोफोनचा उंचवटा चढवला की काय होतं, ते आमच्या तळमजल्यावर येऊन ऐका.

मग कंडेन्सरचं राज्य आलंच कसं? याला कारण आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. कंडेन्सर संवेदनशील होते, युद्धानंतर उत्तम दर्जाचे मिळू लागले, हे एक. दुसरं असं की तेव्हा मुद्रण चुंबकीय फितीवर होत असे. फीत पुन्हा पुन्हा वाजवली, एका फितीवरून दुसरीवर उतरवली, मग तबकडीवर कापली, की प्रत्येक पायरीला वरचे सूर थोडे झिजत. म्हणून सुरुवातीलाच थोडे जास्त घातलेले चालत, शेवटी मोजकेच उरत. पोळ्या भाजताना पीठ झडणार म्हणून आपण पोळपाटावर जरा सढळ हाताने पीठ लावतो, तसं. आता मुद्रण संगणकावर होतं. तिथे काहीच झडत नाही. हजार वेळा वाजवा, जितकं घातलं तितकं राहतं. परिस्थिती बदलली, पण हात पूर्वीइतकाच सढळ आहे. १९९०च्या दशकात स्टुडिओ संगणकाकडे वळले आणि त्याच सुमाराला अडगळीतले रिबन लोक पुन्हा शोधू लागले, हा काही निव्वळ योगायोग नाही.

आक्षेप चौथा: नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करू

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आयुष्यभर मी "बाई, नंतर शुद्धलेखन सुधारीन" ऐकलं आहे.

तरी मुद्द्याने बोलू. एका ठरावीक जागेवरचा उंचवटा संगणकावर कापता येतो, हे खरं. पण ड्रमसेट हे एक वाद्य नाही, सहा-आठ वाद्यांचा संसार आहे. मायक्रोफोनपर्यंत आवाज समोरून येतो, तिरका येतो, भिंतीवरून, छतावरून आपटून येतो. पुष्कळ कंडेन्सर समोरचा आवाज एका रंगात ऐकतात आणि तिरका आवाज दुसऱ्याच रंगात. हे सगळे रंग एकाच मुद्रणात मिसळून बसतात. आता तुम्ही त्यावर एकच दुरुस्ती चालवणार. पाच मुलांनी पाच वेगळ्या चुका केल्या असतील तर पाचही वह्यांत एकच दुरुस्ती लिहून कसं चालेल? समोरच्यासाठी बरोबर केलंत की तिरक्यासाठी बिघडणार.

रिबनचं ऐकणं या बाबतीत सरळमार्गी आहे. तो पुढून आणि मागून सारखं ऐकतो आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ बहिरा असतो, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. पुढचा आवाज समोरून येवो की थोडा तिरका, रंग बऱ्याच अंशी तोच राहतो, फक्त लहान-मोठा होतो. आणि त्या बहिरेपणाचाही उपयोग आहे. हाय-हॅट फार कानात घुसत असेल, तर मायक्रोफोन असा फिरवा की त्याची बहिरी बाजू हाय-हॅटकडे येईल. संगणकाला जे जमत नाही ते मनगट फिरवून होतं.

आणि खरोखरच वरचे सूर कमी वाटले तर? रिबनच्या मुद्रणात ते खुशाल वाढवा. तिथे उंचवटे नसल्यामुळे वाढवलेलं कर्कश होत नाही. मीठ कमी असलेल्या आमटीत वरून मीठ घालता येतं. खारट झालेल्या आमटीचं काय करायचं, ते प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे.

आक्षेप पाचवा: आजी, तुझे कान!

हा आमच्या नातवाचा ठेवणीतला बाण. "आजी, सत्तरीनंतर वरचे सूर ऐकूच येत नाहीत, मग तुला ब्राइट काय आणि डार्क काय?"

बाळा, वरचे सूर मला कमी ऐकू येतात, हे कानाच्या डॉक्टरांनीही सांगितलं आहे. पण कानाच्या आतल्या बारीक केसपेशी झिजल्या की नुसतं कमी ऐकू येतं असं नाही. हळू आवाज ऐकू येत नाही, आणि तो जरा मोठा झाला की एकदम अंगावर येतो. मधली पायरीच राहत नाही. त्यामुळे तुझा तो "क्लिअर" सिंबल मला तुझ्यापेक्षा जास्त बोचतो. आणि तुझं गाणं ऐकणार कोण आहे? तुझे मित्र ऐकतील, तसे तुझे आई-बाबा, मामा, नागपूरची आत्या, सगळे ऐकतील. त्यांच्यापैकी निम्मे साठीच्या पुढचे आहेत. पहिल्या गाण्याला "छान आहे हं" म्हणून आवाज कमी करतील आणि दुसऱ्याला बंद करतील. तुला कोणी काही सांगणार नाही. मी सांगते आहे.

तरीही माझे कान बाजूला ठेव. वर जे लिहिलं त्यातलं काही माझ्या कानांवर उभं नाही. स्पीकर कुठपर्यंत वाजतो, पट्टीचा सूर कुठे असतो, फितीवर काय झिजत असे, हे बहिऱ्या माणसालाही वाचून पटेल.

आता दुसऱ्या बाजूचेही कान उपटते

रिबनवाल्यांतही एक पंथ आहे. त्यांना रिबन म्हणजे देवघरातला शाळिग्राम. जुना ४४ मिळावा म्हणून वाटेल ती किंमत देतील, तो काचेच्या कपाटात ठेवतील आणि "उबदार", "रेशमी", "विंटेज" असले शब्द उधळतील. त्यांना माझा पाठिंबा नाही. जुना आहे म्हणून रिबन चांगला नाही. आजकाल स्वस्तातले रिबनही मिळतात, त्यांतल्या काहींची पट्टी ढिली आणि ट्रान्सफॉर्मर सुमार असतो. असला रिबन घेण्यापेक्षा न घेतलेला बरा.

आणि सगळीकडे रिबनच हवा असाही हट्ट नाही. शिकागोचे स्टीव्ह अल्बिनी, २०२४ साली गेले, त्यांनी आयुष्यभर असंख्य बँड मुद्रित केले. गिटारच्या स्पीकरपुढे ते बहुधा दोन मायक्रोफोन ठेवत, एक उजळ आणि एक गडद, आणि गडद बाजूला अनेकदा रिबन असे. पुढे मिसळताना दोहोंचं प्रमाण ठरवता येतं. हा शहाणपणा आहे. आज तर एसएम ५७ सारखा साधा, काटक डायनॅमिक मायक्रोफोन आणि शेजारी एक रिबन, ही जोडी गिटारपुढे सर्रास दिसते. ५७ ला पाच-सहा हजारांजवळ स्वतःचा उंचवटा आहे, रिबन त्याला अंग देतो.

म्हणून मुलांनो, माझं मागणं एवढंच. दोन रिबन घ्या. ड्रम्सच्या वर टांगा. बास ड्रमजवळ आणि स्नेअरजवळ तुमच्याकडे आहेत तेच डायनॅमिक ठेवा. तळमजल्याचं छत बुटकं आहे आणि रिबन मागूनही ऐकतो, त्यामुळे छतावर आपटलेला आवाज तो घेणार. त्यावर उपाय म्हणून वर माझ्या दोन जाड गोधड्या टांगा, मी देते. नाहीतर एम १६० सारखा एकाच बाजूने ऐकणारा रिबन पाहा. ड्रम्स झाले की तेच दोन रिबन गिटारच्या स्पीकरपुढे लावा, अगदी चिकटवू नका, वीतभर लांब. फार जवळ नेलात तर खर्ज फुगतो. बास ड्रमच्या भोकापुढे नाही. पंख्याखाली नाही. हलवताना वर पिशवी घाला, ठेवताना उभा ठेवा म्हणजे पट्टी लोंबणार नाही. ४८ व्होल्टचं बटण बंद आहे ना ते बघा, कारण केबल सदोष असेल तर त्या विजेने पट्टी बिघडू शकते. एवढी शिस्त शाळेतल्या प्रयोगशाळेतही पाळावी लागते.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. खरेदीआधी दोन्ही प्रकारचे मायक्रोफोन एका दिवसासाठी भाड्याने आणा. तेच गाणं, तोच ड्रमसेट, दोन्हींवर एकदमच मुद्रित करा. दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा, कारण जरा मोठा असलेला आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. कोणतं कोणतं ते एकाने लपवून ठेवा. आणि दहा सेकंदांचा तुकडा ऐकून निकाल देऊ नका! दहा सेकंदांत चकचकीतच जिंकतं, दुकानात नेमके दहाच सेकंद ऐकवतात. तुमची आठही गाणी एका दमाने ऐकायला अर्धा-पाऊण तास लागतो. तितका वेळ सलग ऐका. मग ठरवा, कोणतं बंद करावंसं वाटलं.

गाणी वर्षभर बसवली आहेत तुम्ही. ड्रम्सच्या थापेत जो जोर आहे तो रात्री अकराला माझ्या खाटेपर्यंत पोचतो, त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. तो जोर मुद्रणात उतरावा, एवढीच इच्छा आहे. आज पातेलं-उलथनं मुद्रित करून ठेवलंत तर पुढे संगणकात कितीही करामती केल्यात तरी त्यातून ड्रम बाहेर येणार नाही.

तोवर कोणी कुठे बयाणा द्यायचा नाही. हे मुलांसाठी जितकं लिहिलं आहे तितकंच माझ्या भाचीसाठीही, कारण त्या साठवलेल्या पैशांतला अर्धा वाटा कोणाचा आहे ते मला ठाऊक आहे :-)

असो. ज्यांना माझं म्हणणं पटलं नसेल त्यांनी जरूर भांडावं. फक्त एक अट: आधी तळमजल्यावर येऊन ड्रम्स ऐकून जायचं, मग बोलायचं. चहा मिळेल.